धुराड्याचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषण)

जुन्या काळीं खेड्यांतील मराठी शाळा तपासण्यासाठीं दिपोटी यावयाचे असले म्हणजे गांवांत दोन दिवस अगोदर वर्दी पोंचत असे. मग भिंतींना पांढरी माती लागे, फळा काळा होई, हजेरीपत्रकांतील गाळलेल्या जागा भरल्या जात आणि हुषार मुलें पहिल्या रांगेंत येऊन बसत. दिपोटीसाहेब येत, चार प्रश्न विचारीत, शेरा लिहीत आणि जात. दुसऱ्या दिवशीं मुलें आपापल्या जागीं परत जात व शाळा पूर्ववत् चालूं लागे. तपासणी झाली, असें गांवकरी म्हणत. शाळा सुधारली, असें कोणी म्हणत नसे.

क्वचित् एखादा दिपोटी मात्र निराळा निघे. तो न कळवितां येई. पहिली रांग सोडून तो शेवटच्या रांगेंत जाऊन बसे आणि तेथल्याच एखाद्या मुलाची पाटी हातांत घेई. गणित चुकलेलें दिसलें, तर मास्तरांवर न ओरडतां तो स्वतः खडू उचलून तें कसें शिकवावें हें दाखवी, आणि जातांना म्हणे, "तीन महिन्यांनीं पुन्हां येईन, आणि याच मुलाची पाटी पाहीन." अशा दिपोटीचा धाक मास्तरांना अधिक वाटे, आणि त्याच्याविषयीं आदरहि अधिक वाटे.

शाळेची ही गोष्ट लहान आहे. पण तींत दडलेला प्रश्न लहान नाहीं. कारखाना, बँक, रुग्णालय, विमान कंपनी अशा ज्या ज्या संस्थेच्या वर्तनावर हजारों लोकांचें आरोग्य किंवा पैसा अवलंबून असतो, तिच्यावर देखरेख ठेवण्यासाठीं सरकारला कोणी ना कोणी नियामक नेमावा लागतो. कायदा लिहिणें सोपें असतें. तो पाळला जावा, आणि केवळ भीतीनें नव्हे तर पाळणें हेंच उचित म्हणून पाळला जावा, यासाठीं त्या नियामकानें काय करावें? त्यानें पोलिसासारखें वागावें, कीं वैद्यासारखें? नुसत्या तत्त्वचर्चेपेक्षां एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करणें बरें. आणि त्यासाठीं कारखान्यांच्या धुराड्यांसारखें सोईचें उदाहरण दुसरें नाहीं. धूर सर्वांना दिसतो. परंतु त्याचा खरा हिशेब मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत कापड, साबण आणि कांच यांचे धंदे भराभर वाढले. या तिन्ही धंद्यांना सोडा लागे. फ्रान्समधील लब्लाँ यानें शोधून काढलेल्या पद्धतीनें तो मिठापासून तयार करीत. मिठावर गंधकाम्लाची क्रिया केली कीं एक तीव्र वायु निघे. तो पाण्यांत विरघळला म्हणजे त्याचें हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजेच मिठाचें तेजाब, होतें. कारखानदारांना हवा होता सोडा. वायु त्यांना नको होता, म्हणून त्यांनीं तो धुराड्यांतून आकाशांत सोडून दिला. सेंट हेलन्स, विडनेस या गांवांभोंवतालच्या शिवारांत झाडें वाळलीं, पिकें करपलीं आणि माणसांचे घसे जळूं लागले. लोक कोर्टांत गेले. जेम्स मस्प्रॅट नांवाच्या कारखानदाराला तर लिव्हरपूलकरांनीं खटले भरून आपल्या गांवांतून हुसकून लावलें. मग कोणी कारखाना दुसरीकडे हलविला, तर कोणी धुराडें उंच केलें. ग्लासगोच्या टेनंट यांच्या कारखान्यानें १८४२ सालीं ४०० फुटांहूनहि उंच धुराडें उभारलें. तेवढ्यानें वायु कमी झाला नाहीं; तो अधिक दूरच्या शेतांवर पडूं लागला, इतकेंच.

नवलाची गोष्ट ही कीं, या रोगावरील औषध त्यापूर्वींच सांपडलेलें होतें. विल्यम गॉसेज यानें एक बंद पडलेली पवनचक्की घेतली, तींत झुडपांच्या फांद्या खच्चून भरल्या, वरून पाणी सोडलें आणि तो वायु आंत घेतला. फांद्यांवरून झिरपणाऱ्या पाण्यानें तो शोषून घेतला. १८३६ सालीं गॉसेजनें या युक्तीचें पेटंट घेतलें. तरीहि पुढचीं पंचवीस वर्षें पुष्कळ कारखान्यांनीं ती एकतर वापरली नाहीं किंवा अर्धवट वापरली. कारण उघड आहे. मनोरा बांधण्याचा खर्च एकानें करावयाचा आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यानें तो वांचवावयाचा, तर बाजारांत स्वस्त सोडा कोणाचा ठरणार? अशा स्पर्धेंत सज्जनाचें सौजन्य फार दिवस टिकत नाहीं. नियामकाची खरी गरज येथें दिसून येते. दुर्जनाला पकडण्यासाठीं तो जितका हवा, तितकाच सज्जनाला सज्जन राहणें परवडावें यासाठींहि हवा.

अखेरीस हा वायु एका बड्या जमीनदाराच्या दारीं पोंचला. तोंपर्यंत दोनदां इंग्लंडचे पंतप्रधान झालेले लॉर्ड डर्बी यांची नोझ्ली येथील जमीन सेंट हेलन्सजवळ होती. त्यांच्या पुढाकारानें १८६२ सालीं लॉर्डांच्या सभेनें चौकशी समिति नेमली, आणि १८६३ सालीं अल्कली कायदा झाला. त्यांतील मुख्य बंधन एकच होतें. निघणाऱ्या वायूपैकीं शेंकडा ९५ भाग कारखान्यानें पकडला पाहिजे. तो कसा पकडावा, हें कायद्यानें सांगितलें नाहीं. तें ज्याच्या त्याच्या बुद्धीवर सोंपविलें. शिवाय निरीक्षक नगरपालिकेचे नसून मध्यवर्ती सरकारचे असावेत, असें ठरलें. त्यामुळें गांवांतील मातबर कारखानदाराच्या भिडेखालीं ते येण्याची भीति पुष्कळ कमी झाली.

मुख्य निरीक्षकाच्या जागीं रॉबर्ट अँगस स्मिथ यांची नेमणूक झाली. त्यांच्या हाताखालीं अवघे चार उपनिरीक्षक होते. स्मिथ हे जर्मनींत लीबिग यांच्यापाशीं शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. मँचेस्टरच्या पावसांत आम्ल असतें हें त्यांनींच अभ्यासून दाखविलें होतें, आणि आज सर्वत्र रूढ झालेला 'आम्लवर्षा' हा शब्दप्रयोग त्यांच्या १८७२ सालच्या ग्रंथांत आढळतो. पांच माणसांनीं देशांतील सर्व कारखान्यांच्या दारांशीं रात्रंदिवस पहारा करणें शक्य नव्हतें. पहिल्याच चुकीला खटला भरावा, तर कारखानदार वकील देणार, दारें लावून घेणार आणि मोजमापच करूं देणार नाहींत. म्हणून स्मिथ यांनीं वैद्याचा मार्ग धरला. प्रथम नाडी पहावयाची, म्हणजे धुराड्यांतील वायु स्वतः मोजावयाचा. फ्लेचर नांवाच्या त्यांच्या उपनिरीक्षकानें धुराड्यांतील प्रवाहाचा वेग मोजण्याचें एक साधनहि बनविलें. मग दोष कोठें आहे, पाणी कमी पडतें कीं मनोरा अपुरा आहे, हें कारखानदाराला समजावून द्यावयाचें आणि पुन्हां येऊन मोजावयाचें. पहिल्याच वर्षाच्या हिशेबांत असें दिसून आलें कीं, कारखान्यांनीं पकडलेल्या वायूचें सरासरी प्रमाण कायद्यानें मागितलेल्या शेंकडा ९५ च्याहि वर गेलें आहे. खटले अगदीं क्वचित् भरावे लागले.

या कामीं व्यापाराचेंहि साहाय्य झालें. पकडलेल्या तेजाबापासून कापड आणि कागद पांढरा करण्याची भुकटी तयार होत असे. वेल्डन आणि डीकन यांनीं त्या कामाच्या अधिक किफायतशीर रीती शोधल्या, तेव्हां जें पूर्वीं फुकट उधळलें जात होतें तें पैसे देऊन जाऊं लागलें. कर्तव्य आणि फायदा यांची अशी गांठ घालून देणें नियामकाच्या हातीं नेहमीं नसतें. परंतु ती पडण्याची शक्यता दिसली, तर ती वाट मोकळी ठेवणें त्याच्या हातीं असतें. पद्धत कोणती वापरावी हें कायद्यानें बांधून टाकलें असतें, तर नव्या युक्त्या शोधण्याचा उत्साह कोणाला राहिला असता?

येथपर्यंतची हकीकत वाचून सौम्य नियामक हाच उत्तम नियामक, असें म्हणण्याचा मोह होईल. परंतु पुढचीं दहा वर्षें त्या मोहाला आवर घालणारीं आहेत. कारखाने वाढले. शेंकडा ५ भाग सोडण्याची मुभा प्रत्येकाला होती, आणि दहाच्या जागीं वीस कारखाने झाले म्हणजे तो शेंकडा ५ भागहि दुप्पट होतो. शिवाय कायदा एकाच वायूपुरता होता. गंधकाचे वायु सोडणारे इतर कारखाने त्याच्या कक्षेबाहेर होते. कायदा पाळला जात होता आणि झाडें मरतच होतीं. प्रत्येक कारखानदार छातीवर हात ठेवून "माझा दोष नाहीं" असें म्हणूं शकत होता, आणि तें खोटेंहि नव्हतें. म्हणून १८७४ सालीं दुरुस्ती झाली. धुराड्यांतील दर घनफूट वायूंत अमुकच अंश आम्ल चालेल अशी मर्यादा घातली गेली, आणि त्याबरोबर 'व्यवहार्य अशा सर्वोत्तम उपायांचा' अवलंब केला पाहिजे अशी अट आली. पुढें राजआयोग बसला, आणि १८८१ सालच्या कायद्यानें इतर रासायनिक कारखानेहि निरीक्षकांच्या कक्षेंत आले. आंकड्याचें पालन म्हणजे नीतीचें पालन नव्हे, हा धडा त्यांतून मिळाला. सर्वोत्तम उपायाची अट ही नुसती मर्यादा नव्हे. ती दरवर्षीं विचारला जाणारा एक प्रश्न आहे. "याहून अधिक करणें शक्य असून तुम्हीं तें केलें कीं नाहीं?"

स्मिथ फार मऊ आहेत, असा आरोप त्यांच्या काळींहि झाला, आणि तो अगदींच निराधार नव्हता. तथापि त्यांचा मऊपणा व्यर्थ गेला नाहीं, याचें कारण शोधलें पाहिजे. त्यांच्या हातांत स्वतःचें माप होतें. त्यांचा पगार कारखानदाराच्या तिजोरींतून येत नव्हता. आणि ते पुन्हां येणार हें सर्वांना ठाऊक होतें. या तीन गोष्टी असल्या म्हणजे सौजन्याला सामर्थ्य येतें. त्या नसल्या, तर त्याच सौजन्याची भीड होते, आणि भीड ही भिकेची बहीण.

हें केवळ अनुमान नव्हे, याचें प्रमाण आपल्या शेजारच्या गुजरातेंतच सांपडतें. तेथें उच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या आदेशानंतर प्रदूषण करूं शकणाऱ्या कारखान्यांची तपासणी त्रयस्थ परीक्षकांकडून करवून घेण्याची पद्धत सुरू झाली. परीक्षक त्रयस्थ खरा; पण त्याला निवडावयाचें कारखानदारानें आणि त्याची फी द्यावयाची तीहि कारखानदारानें. २००९ ते २०११ या काळांत गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्यानें कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं अहमदाबाद व सुरत येथील सुमारें पावणेपांचशें कारखान्यांवर एक प्रयोग केला. जुन्या पद्धतीच्या परीक्षकांनीं आपल्या अहवालांत धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने शेंकडा ७ दाखविले होते. स्वतंत्रपणें पुन्हां मोजून पाहतां ते शेंकडा ५९ निघाले! बहुतेक अहवालांतील आंकडे मर्यादेच्या किंचित् खालीं येऊन थांबलेले होते. पास होण्यापुरते गुण मिळवून थांबणाऱ्या विद्यार्थ्यासारखे.

प्रयोगासाठीं अर्ध्या कारखान्यांत व्यवस्था बदलण्यांत आली. परीक्षक कोठें जाणार हें सोडत काढून ठरूं लागलें. त्याची ठराविक फी सामाईक निधींतून मिळूं लागली. आणि त्यानें मोजलेल्यापैकीं कांहीं ठिकाणीं दुसरा कोणी जाऊन पुन्हां मोजूं लागला. माणसें तींच, यंत्रें तींच, कायदाहि तोच. परंतु कारखाना नियमांत आहे असें खोटें लिहिण्याचें प्रमाण शेंकडा ८० नीं घटलें. आणि ज्यासाठीं हा सर्व खटाटोप, तें प्रदूषणहि त्या कारखान्यांत कमी झालें. सर्वांत जास्त घाण करणारांनीं सर्वांत जास्त सुधारणा केली. परीक्षक पूर्वीं पापी होते आणि नंतर पुण्यवान् झाले, असें यावरून म्हणतां येणार नाहीं. पूर्वीं त्यांना खरें बोलणें परवडत नव्हतें. आतां तें परवडूं लागलें, एवढाच फरक.

त्याच राज्यांतील दुसऱ्या एका प्रयोगानें याहून निराळी गोष्ट शिकविली. कांहीं कारखान्यांच्या तपासण्यांची संख्या दुपटीहून अधिक वाढवून पाहिली, तर प्रदूषणांत फारसा फरक पडला नाहीं. नुसत्या फेऱ्या वाढवून भागत नाहीं, याचें एक कारण शिक्षेच्या स्वरूपांत आहे. मंडळाच्या हातांत मुख्यतः मोठीं शस्त्रें होतीं. कारखाना बंद करा, वीज तोडा, किंवा फौजदारी खटला भरा. थोडी मर्यादा ओलांडणाऱ्यावर असें शस्त्र उगारणें अधिकाऱ्यालाच अन्यायाचें वाटे. मुंगी मारण्यास तोफ कोण डागणार? म्हणून पत्र जाई, उत्तर येई आणि धूर चालू राही. जिना असावा, पण त्याला पहिली पायरी आणि शेवटची पायरी यांच्यामध्यें पायऱ्याच नसाव्यात, तसा हा प्रकार. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानें हवा आणि पर्यावरण यांच्या कायद्यांतील पुष्कळशी कैदेची शिक्षा काढून तिच्या जागीं १० हजारांपासून १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला. मधल्या पायऱ्या घालण्याचा हा प्रयत्न आहे. तो सफल होण्यासाठीं दंड खरोखर वसूल झाला पाहिजे, आणि मोठ्या कारखान्याला तो नेहमींच्या खर्चांतील एक किरकोळ रक्कम वाटतां कामा नये.

सुरतेनें २०१९ सालीं आणखी एक पाऊल टाकलें. तेथील सुमारें तीनशें कारखान्यांच्या, बहुतेक कापडाच्या, धुराड्यांवर सतत मोजणारीं यंत्रें बसविलीं, सर्वांनीं मिळून किती धूळ सोडावी याची एकूण मर्यादा ठरविली आणि तिचे परवाने कारखान्यांना विकत घेण्याची व विकण्याची मुभा दिली. ज्यानें धूळ कमी केली त्याला परवाना विकून पैसा मिळे. ज्यानें केली नाहीं त्याला खिशांतून द्यावा लागे. अल्कली कायद्यांतील तो वाढत जाणारा शेंकडा ५ भाग येथें एकूण मर्यादेंतच कोंडला गेला. धूळ शेंकडा २० ते ३० नीं उतरली.

पैशापलीकडे आणखी एक गोष्ट माणसाला प्रिय असते. ती म्हणजे अब्रू. इंडोनेशियाच्या सरकारनें १९९५ सालीं १८७ कारखान्यांना सोनेरी, हिरवा, निळा, तांबडा आणि काळा अशा पांच रंगांत बसविलें. पण सर्वांचे रंग एकदम जाहीर केले नाहींत. जूनमध्यें फक्त हिरव्या रंगाच्या पांच कारखान्यांचा गौरव झाला. बाकीच्यांना त्यांचा रंग खासगींत कळविला आणि डिसेंबरपर्यंत मुदत दिली. त्या सहा महिन्यांत कित्येकांनीं धांवपळ करून आपला रंग बदलून घेतला. यांत मनुष्यस्वभावाची मोठी जाण आहे. ज्याची अब्रू आधींच चव्हाट्यावर गेली त्याला गमावण्यासारखें कांहीं उरत नाहीं. ज्याला ती वांचविण्यास अवधि मिळतो तो धडपडतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानेंहि २०१७ सालीं कारखान्यांना एक ते पांच तारे देऊन ते लोकांपुढें मांडण्याची योजना सुरू केली. धुराड्याखालीं राहणाऱ्या गृहिणीला रसायनशास्त्र ठाऊक नसलें, तरी तारे मोजतां येतात.

आतां सर्वांत कठीण भाग. माप, दंड आणि अब्रू यांनीं संस्थेचें बाह्य वर्तन सुधारतें; पण तिच्या अंतःकरणाचें काय? संस्थेला अंतःकरण असलें, तर तें तिच्या माणसांत असतें. आणि बहुधा तें खालच्या माणसांत असतें, कारण गळणारी नळी प्रथम त्यांनाच दिसते. भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतील धोक्यांची नोंद १९८२ सालींच झालेली होती, आणि ती कंपनीच्याच अमेरिकन तज्ज्ञांनीं केलेली होती. त्याच वर्षीं राजकुमार केसवानी या पत्रकारानेंहि शहराला इशारा दिला होता. २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीं विषारी वायु सुटला आणि हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. ज्ञानाचा अभाव तेथें नव्हता. ज्ञान होतें, परंतु तें कागदावरून कृतींत उतरलें नाहीं, आणि भिंतीपलीकडे झोंपलेल्या लोकांपर्यंत पोंचलेंहि नाहीं. १९८७ सालीं कारखान्यांच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना व शेजारच्या वस्तीला देणें मालकांवर बंधनकारक झालें, तें यानंतर.

म्हणून नियामकानें दोन अपराधांत स्पष्ट भेद केला पाहिजे. चूक करून ती आपण होऊन सांगणारा एक, आणि चूक झांकणारा दुसरा. पहिल्याला सवलत आणि साहाय्य मिळावें. दुसऱ्याला दया नसावी. दोघांना एकच शिक्षा दिली, तर शहाणा मनुष्य झांकण्याचाच मार्ग पत्करील. आणि ज्या संस्थेंत झांकणाऱ्याची बढती होते, तेथें नळी पाहणारा कामगार दुसऱ्यांदा तोंड उघडीत नाहीं.

नियामकानें पोलिस व्हावें कीं वैद्य, या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. त्यानें वैद्य व्हावें. पण नाडी स्वतः पाहणारा, आणि रोग्याच्या पैशासाठीं खोटें निदान न करणारा वैद्य. पथ्य मोडणाऱ्याला त्यानें पायरीपायरीनें अधिक कडू औषध द्यावें, आणि रोग साथीचा असेल तर तो शेजाऱ्यांपासून लपवूं नये. शिक्षेची छडी त्याच्याजवळ असावीच. मात्र ती कोपऱ्यांत उभी असलेली सर्वांना दिसावी, आणि जेथें लबाडी सांपडेल तेथें ती उचलण्यास त्याचा हात कांपूं नये.

न कळवितां येणाऱ्या त्या दिपोटीनें तरी दुसरें काय केलें होतें? त्यानें पाटी स्वतः पाहिली, आणि तीहि शेवटच्या रांगेंतील मुलाची. शिकविण्याची रीत दाखविली, मुदत दिली आणि सांगितल्याप्रमाणें तो परत आला. धुराड्याखालींहि एक शेवटची रांग असते. तेथें राहणाऱ्या मुलाला रात्रीं खोकला येतो कीं नाहीं, हीच कारखान्याची खरी पाटी. आणि शेरा लिहिण्यापूर्वीं तीच पाहिली पाहिजे.